पिंपातली साय

अहो, तुमचे दिवस होऊन पंधरवडा उलटला आणि एवढ्या वेळात घरात माझ्याशी कोणी भांडलेलं नाही. येणारे-जाणारे सगळे फार गोड बोलतात. ‘काकू, काही लागलं तर सांगा हं,’ म्हणतात आणि चपला पायात सरकवतात. मला काय लागतं ते खरंच सांगितलं तर पायऱ्या न मोजता जिना उतरतील. मला एक माणूस लागतं, समोरच्या खुर्चीवर बसून ‘तुझं साफ चुकतंय’ म्हणणारं. कोथरूडमध्ये एवढ्या सोसायट्या, एवढी माणसं, पण असं माणूस काही मिळत नाही.

शोकसभा चांगली झाली. सोसायटीच्या हॉलमध्ये सतरंज्या कमी पडल्या. वाइनच्या धंद्यातले तुमचे झाडून सगळे आले होते, आणि जो उठला त्याने तुमच्या नाकावर भाषण केलं. असं नाक पुन्हा होणे नाही, एक म्हणाला. दुसरा म्हणाला, पिंपाचं झाकण उघडायच्या आत काका सांगायचे, आतली वाइन कशी आहे ते. शेवटच्या वर्षापर्यंत, मंडळी, शेवटच्या वर्षापर्यंत! मी पहिल्या रांगेत बसून पदराने तेच नाक पुसत होते. कोणाला काय माहीत. तुम्ही फोटोत होतात, हार घालून, आणि मला वाटलं, आत्ता तुम्ही माझ्याकडे बघून डोळा मारला तर किती बरं होईल.

तुमचं नाक गेलं ते त्या महासाथीच्या तापात. ताप उतरला, खोकला गेला, आणि एका सकाळी तुम्ही स्वयंपाकघरात हिंगाची डबी उघडून उभे होतात. ‘हिंग जुना झालाय वाटतं,’ म्हणालात, ‘वासच नाही याला.’ मी बाहेर हॉलमध्ये भाजी निवडत होते आणि तो वास मला तिथे बसून शिंका काढायला लावत होता. मी आत आले. तुम्ही डबी आणखी जवळ नेलीत, पार नाकाला हिंग लागेपर्यंत. मग माझ्या चेहऱ्याकडे बघितलंत आणि तुम्हाला कळलं. स्टुलावर बसलात. पांढरा हिंग नाकाच्या शेंड्यावर तसाच. मला हसू आलं होतं, खरं सांगते, आणि ते दाबत मी पदराने तो पुसला.

डॉक्टर म्हणाले, वास येईल परत. इतरांचा आला, तुमचा नाही आला. तुम्ही तेव्हा लोणी काळभोरच्या वाइनरीत सल्लागार होतात. समीरच्या वडिलांनी ती काढली तेव्हापासूनचे तुम्ही तिथले रसायनवाले; ते गेले, समीरने कारभार हातात घेतला, पण तुम्हाला सोडलं नाही. पोरगा दर पिंपापाशी तुम्हाला उभं करायचा आणि तुम्ही वास घेऊन सांगाल ते ब्रह्मवाक्य. ‘नाक गेलेला वाइनवाला म्हणजे बहिरा गवई,’ तुम्ही म्हणालात. ‘कोणाला बोलू नकोस.’ म्हटलं, मी कोणाला बोलतेय? आणि बोलले नाही. आजतागायत नाही.

बाकीच्या वाइन तुम्ही कशाबशा निभावून नेल्यात. जिभेला आंबट-गोड कळत होतं, यंत्रं होती, आणि वय झालेल्या माणसाने नुसतं ‘हं’ केलं तरी लोक त्याचा अर्थ काढतात. खरी अडचण होती त्या एका पिंपाची. तुमच्या शेरीच्या. कामानिमित्त परदेशी गेला होतात, तिथे शेरी नावाची ती कोरडी वाइन चाखून आलात आणि घरी आल्यावर बॅग न उघडता तासभर तिच्याबद्दल बोललात. साखरेचा कण नाही, म्हणे, गवती चहाच्या पाण्यासारखा फिका रंग, आणि वास असा की काय सांगू. मग समीरच्या वडिलांच्या मागे लागून एक पिंप मिळवलंत आणि वाइनरीच्या तळघरात वाळ्याचे पडदे आणि ओली पोती लावून आपल्या पुण्याच्या उन्हाळ्यात ती शेरी मुरवत ठेवलीत. लोक हसले. मीही हसले.

त्या पहिल्या उत्साहात तुम्ही मला सगळं समजावलं होतंत, आणि मी ऐकल्यासारखं केलं होतं. पिंप काठोकाठ भरायचं नाही, वर जागा ठेवायची. मग शेरीवर आपोआप एक थर धरतो, पांढरट, सुरकुतलेला. तुम्ही त्याला साय म्हणायचात. ती साय जिवंत असते, शेरीतलंच खाऊन जगते आणि खालच्या शेरीला वारा लागू देत नाही; म्हणून शेरी फिकी राहते, ताजी राहते. साय उपाशी मरू नये म्हणून मधूनमधून थोडी जुनी शेरी काढून शेजारच्या लहान पिंपातली कोवळी शेरी तिच्यात घालायची. म्हणून पिंप कधी रिकामं करायचं नाही. ‘म्हणजे विरजण,’ मी म्हटलं होतं, आणि तुम्ही वैतागला होतात, कारण तुमचं अर्ध्या तासाचं व्याख्यान माझ्या एका शब्दात उरकलं.

तर ही साय जिवंत आहे की आजारी आहे, हे कळायचं वासावर. डोळ्यांनी दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. आणि वास तुम्हाला येत नव्हता.

पहिल्या शनिवारी तुम्ही खोकल्याच्या औषधाच्या धुतलेल्या बाटलीत थोडी शेरी घरी आणलीत आणि माझ्यासमोर ठेवलीत, तेव्हा मी काय म्हटलं आठवतंय? ‘मी? सदाशिव पेठेतल्या वैद्यांच्या घरची मुलगी मी, दारू हुंगत बसू?’ तुम्ही म्हणालात, ‘प्यायची नाही, नुसता वास सांग.’ सांगितला. दारूचा. ‘दारूचा म्हणजे कसला?’ म्हटलं, म्हणजे तुमच्या मित्रांचा. तुम्ही कपाळावर हात मारलात, पण बाटली उचलली नाहीत. ‘पुन्हा घे. डोळे मीट. घाई नाही.’ मी डोळे मिटले, आणि काय आश्चर्य, दारूच्या मागे दुसरं काहीतरी होतं. आदल्या दिवशी मळून झाकून ठेवलेल्या कणकेचा वास. त्याच्याही मागे ओल्या बदामाची साल. आणि जरासं चिरून ठेवलेलं, लाल पडायला लागलेलं सफरचंद. मी बोलत गेले आणि डोळे उघडले तर तुम्ही टेबलावर कोपरं टेकून माझ्या तोंडाकडे बघत होतात. तुमचे डोळे भरले होते. ‘बरोब्बर,’ म्हणालात. ‘जिवंत आहे.’

त्यानंतर दर शनिवार तसाच. सकाळी घरात उदबत्ती लावायची नाही, फोडणी टाकायची नाही, खिडकीशी माझी खुर्ची, समोर तुम्ही. शेजारच्या बाईंना वाटायचं आम्ही उतारवयात ध्यानधारणा सुरू केली. सोमवारी तुम्ही माझी कणीक आणि माझे बदाम घेऊन लोणीला जायचात आणि तिथे ते इंग्रजी बोलायला लागायचे. समीर मान डोलवायचा. एकदा तेवढा घोटाळा झाला. औषधाची बाटली सापडली नाही म्हणून तुम्ही गुलाबपाण्याच्या बाटलीतून शेरी आणलीत, आणि मी प्रामाणिकपणे सांगितलं, गुलाबाचा वास येतोय, मस्त. तुम्हाला हर्षवायू व्हायचा राहिला. गुलाब! शेरीत गुलाब! समीरला फोन लावायला निघालात. मी म्हटलं, आधी बाटलीचं लेबल वाचा. मग आपण दोघं किती हसलो, तुम्हाला ठसका लागला, पाणी प्यायला उठावं लागलं.

आता तुम्ही नाही आहात तर सांगून टाकते. लग्नाला एवढी वर्षं झाली, त्यात तुम्ही माझं बोलणं असं कधी ऐकलं नव्हतंत. मी आमटीबद्दल बोलले, मुलीच्या शाळेबद्दल बोलले, तुमच्या आईच्या दुखण्याबद्दल बोलले, तुम्ही पेपराच्या मागून ‘हं’ म्हणत होतात. आणि या म्हातारपणी, एका औषधाच्या बाटलीसमोर, तुम्ही माझ्या एकेका शब्दाची वाट बघत बसायचात. मी मुद्दाम हळू सांगायचे. पहिल्या श्वासात कळलेलं तिसऱ्या श्वासाला बोलायचे. तुम्हाला इतकी वाट बघायला लावणं मला फार आवडायचं हो. हे तुम्हाला कधी म्हटलं नाही. म्हटलं असतं तर तुम्ही लाजून पेपर उघडला असता.

मग ते भांडण. गेल्या दिवाळीनंतर मी सांगितलं, कणीक गेली.

‘गेली म्हणजे?’

‘म्हणजे येत नाही वास. अक्रोडाचा येतोय. आणि जुन्या लाकडी कपाटाचा खण उघडल्यावर येतो तसा.’

‘तुला सर्दी झालीय.’

‘मला सर्दी नाही. तुमची साय मेलीय.’

तुम्ही पुढच्या वेळी मोबाइलमध्ये फोटो काढून आणलात. पिंपाच्या भोकातून बॅटरी मारून काढलेला, अर्धा तुमच्याच अंगठ्याचा. हे बघ, दिसते की नाही साय? दिसतेय, मी म्हटलं, पण मेलीय. तुम्ही म्हणालात, न बघता? म्हटलं, दूध नासलंय हे मला पातेलं न उघडता कळतं, तुम्हाला उघडून कळत नाही. हे मी बोलायला नको होतं, पण भांडणात कोण तोलून बोलतं? तुम्हीही म्हणालात, तुझं नाक थकलं आता. बरोबरी झाली.

खरं तर वासाबद्दल भांडण नव्हतंच ते. मला तो नवा वास आवडला होता आणि मी तसं म्हटलं, तिथे तुम्ही दुखावलात. ‘आवडायचा प्रश्न नाही,’ म्हणालात. ‘साय गेली की वारा लागतो. वारा लागला की काळवंडते. म्हातारी होते. उद्याच्या उद्या कोवळी घालतो, साय परत धरेल.’ म्हटलं, होऊ दे की म्हातारी! आपण नाही का झालो? काय वाईट झालं? तुम्ही खुर्ची मागे सारलीत. उठलात आणि ती बाटली बेसिनमध्ये ओतलीत. त्या शेरीचा थेंब तुम्ही कधी सांडला नव्हतात. जेवायच्या वेळी ‘आमटीत मीठ कमी आहे’ म्हणालात, म्हणजे समेट झाला. पण पुढच्या शनिवारी बाटली आली नाही, त्याच्या पुढच्याही नाही, कोवळी घातलीत की नाही तेही बोलला नाहीत, आणि मग दवाखाना आला.

दवाखान्यात तुम्ही शेरीचं नाव काढलं नाहीत. एकदाच, दुपारी, नळ्या-बिळ्या लावलेल्या असताना मला जवळ बोलावलंत आणि विचारलंत, ‘इथे कसला वास येतो गं?’ मी म्हटलं, फिनेलचा. ‘नुसता फिनेलचा?’ मग मी डोळे मिटले. फिनेल, इस्त्रीच्या चादरी, पलीकडच्या खाटेवरच्यांच्या डब्यातली मेथीची भाजी, लसूण घातलेली. आणि तुमच्या उशीला खोबरेल. तुम्ही ‘हं’ म्हणालात. पेपरामागचं नव्हे, शनिवारचं ‘हं’. आपलं शेवटचं बोलणं ते.

परवा समीरचा फोन आला. त्याने बाहेरचा एक तज्ज्ञ बोलावला होता. तो म्हणाला, साय गेल्यात जमा आहे, ताबडतोब कोवळी शेरी ओता, वाचली तर वाचेल. पण दुसराही मार्ग आहे, समीर म्हणाला: द्राक्षाचं कडक स्पिरिट घालायचं. मग शेरी नासत नाही, वाऱ्यावर वर्षानुवर्षं मुरते, पण साय तिच्यावर पुन्हा कधीच धरत नाही. जे करायचं ते एकदाच, आणि लवकर. ‘काकू, काका काही बोलले होते का?’ मी म्हटलं, मला ते पिंप एकदा बघायचंय. गाडी पाठवशील?

हडपसरची वाहतूक पार करून लोणीला पोचेपर्यंत मी स्वतःला विचारत होते, बाई, तू कशाला चालली आहेस? इतके शनिवार मी त्या पिंपाचा वास घेतला, पण पिंप पाहिलेलं नव्हतं. मला वाटलेलं केवढं मोठं असेल. तळघरात ते एवढंसं, ओल्या पोत्यांत गुंडाळलेलं, तापातल्या मुलासारखं. तिथले बबनराव दार उघडून बाजूला उभे राहिले. ‘सायबांच्या मागं रोज भिजवतोय पोती,’ म्हणाले. ‘हाय तसंच हाय समदं, वैनी.’ मला तिथे रडू आलं. शोकसभेत आलं नव्हतं एवढं.

समीरने तुमची ती लांब दांड्याची पळी आत सोडली आणि काचेच्या पेल्यात शेरी घेतली. गवती चहा कुठला, चांगला मधाचा रंग आला होता. त्याने वास घेतला, पुन्हा घेतला, कपाळाला आठ्या. ‘मला नाही समजत, काकू. काका असते तर...’ मी म्हटलं, बघू दे तरी कशी दिसते. पेला हातात घेतला, उजेडात धरल्यासारखं केलं आणि हळूच श्वास घेतला.

अहो, काय वास होता! तुपात फुललेला डिंक. अक्रोड. संत्र्याची वाळलेली साल, आणि त्या सगळ्याखाली काहीतरी खोल, मिठासारखं, ज्याला माझ्याकडे शब्द नाही. असं काही मी या नाकाने आजवर घेतलं नव्हतं. माझं बरोबर होतं. भांडणात माझंच बरोबर होतं! आणि अगदी तळाशी, केसाएवढा, आंबट धागा. व्हिनेगरची चाहूल. म्हणजे वेळ उरला नव्हता. कोवळी ओतली तर हे सगळं पातळ होऊन वाहून जाणार, आणि तशीच ठेवली तर दोन-चार आठवड्यांत सॅलडवर घालायच्या लायकीची होणार.

समीर माझ्याकडे बघत होता. मी एवढंच म्हणायची खोटी होती: बाळ, हे नाक माझं आहे, काकांचं नव्हे. मग त्याने मला खुर्ची दिली असती. दर शनिवारी गाडी पाठवली असती, नाहीतर बाटली. समोर बसून माझं ऐकलं असतं. चांगला मुलगा आहे, ऐकणारा आहे. मला पुन्हा कोणीतरी विचारलं असतं, कसला वास येतो? तिथे उभी राहून मला त्या प्रश्नाची एवढी भूक लागली की लाज वाटली. पण मग त्याने मागे मोजायला घेतलं असतं. कधीपासून? कुठली-कुठली वाइन? आणि सतरंजीवर उठून उठून बोलणारे ते सगळे, त्यांना कळायला किती वेळ लागतो? तुमचं नाक पुन्हा एकदा गेलं असतं, आणि या वेळी चारचौघांत.

‘काका सांगून गेलेत,’ मी म्हटलं. ‘साय गेली तर तिच्यामागे धावायचं नाही. स्पिरिट घाला, आजच घाला, आणि मग वर्षानुवर्षं हात लावू नका.’

‘काका असं म्हणाले?’ समीर बघतच राहिला. ‘काका तर सायीवर जीव टाकायचे.’

‘माणसाचं मत बदलतं.’

‘कधी म्हणाले?’

‘दवाखान्यात.’

त्याचे डोळे भरले. ‘म्हणजे शेवटपर्यंत बघा, काकू. तिथे खाटेवर पडून त्यांना इथला वास कळत होता.’ मी मान हलवली. त्याने तिथल्या तिथे स्पिरिट मागवलं, माझ्यासमोर घातलं, बूच ठोकलं, आणि खडूने पिंपावर तुमचं नाव लिहिलं. आता बाहेर तुमचं नाव आहे आणि आत माझं म्हणणं. इतक्या वर्षांच्या संसारात मी तुम्हाला एकदा पुरतं हरवलं, आणि ते जगात तुमच्याशिवाय कोणाला सांगायची सोय नाही. रागावला असाल तर रागवा. मी तर म्हणते, याच, आणि रागवा.

समीर मला गाडीपर्यंत सोडायला आला. दार धरून उभा राहिला, मग एकदम काहीतरी आठवल्यासारखं म्हणाला, ‘काकू, काका शनिवारी बाटली घरी न्यायचे ना? तुम्ही कधी वास घेतलात?’

मी पदर सावरला, आत बसले.

‘नाही रे बाबा,’ म्हटलं. ‘मला काय कळतंय त्यातलं?’